वाफ्यातून पेटीत: दुर्लक्षित ब्लॅक पाइनचं एक प्रकरण

बोन्साय करण्यासाठी खणून लाकडी पेटीत हलवलेलं जॅपनीज ब्लॅक पाइनचं हे झाड मुळात पार्किंग आणि इमारतीची भिंत यांच्यामधल्या सव्वा मीटर रुंद वाफ्यात उभं होतं. उंची २.३ मीटर, मातीलगत खोडाची जाडी १० सेंटिमीटर. गाड्यांच्या बाजूने कुंपण छाटायचं यंत्र वर्षानुवर्षं फिरलेलं, त्यामुळे तिकडे टोकाटोकाला डहाळ्यांचे झुपके. भिंतीच्या बाजूला फांद्या ३५–४० सेंटिमीटर उघड्या आणि हिरवं फक्त शेवटच्या वितीत. बुंध्याशी दरवर्षी टाकलेल्या लाकडाच्या तुकड्यांचा ढीग, त्यावर आयव्हीचा वेल. सुया फिकट आणि आखूड. वाफा काढून तिथून पाइपलाइन जाणार होती. काम सुरू व्हायला वर्षभर अवकाश होता.

हे वर्ष हातात होतं म्हणूनच झाड घ्यायचं ठरलं. आठवड्याभराची मुदत असती तर सोडून देणंच बरं. अशक्त पाइन एका दिवसात खणून पेटीत भरला तर बहुधा मरतो, पण मरायला वर्ष घेतो. सुया महिनोन्महिने हिरव्या राहतात आणि नेमकं कुठे चुकलं ते मागाहून कळत नाही.

घेण्याजोगं आहे का?

जागेच्या मालकाची लेखी परवानगी आणि वाफ्याखालून जाणाऱ्या केबल, गॅस, पाणी यांचा नकाशा हातात आल्यावरच बुंध्याला हात लागला. ढीग आणि माती मिळून १४ सेंटिमीटर थर निघाला. खाली खरा बुंधा १५ सेंटिमीटर जाड, तीन बाजूंना पसरलेली मुळं आणि लावणीच्या वेळचा, कोणीही न सोडलेला नायलॉनचा दोर. दोराने एका बाजूची साल कापत लाकडापर्यंत मजल मारली होती. असा दोर ओढून काढायचा नाही. दिसतो तेवढा तुकड्यातुकड्यांत कापायचा आणि सालीत बुडालेला भाग तसाच सोडायचा, कारण ओढल्यावर त्याच्यासोबत जिवंत सालही निघते.

खोडाची जाडी पाहून लोक भुलतात. पाइनमध्ये आधी बघायचं ते हिरवं कुठे शिल्लक आहे हे. सुया नसलेल्या जुन्या लाकडातून नवा डोळा फुटणं इतकं विरळ, की ते धरून चालताच येत नाही. इथे खऱ्या बुंध्यापासून ३० सेंटिमीटरवर एक जिवंत फांदी होती, ४५ वर दुसरी. या दोन नसत्या तर बुंधा कितीही देखणा असला तरी त्याचा उपयोग नव्हता.

रोगांची पाहणी सुयांवरून झाली. कोवळ्या सुया आधी पिवळ्या पडत असतील तर लोहाची कमतरता. काँक्रीटच्या कडेला चुन्यामुळे मातीचा सामू (pH) चढतो, तिथे ही हमखास. आतल्या जुन्या सुया शरद ऋतूत पिवळ्या होऊन गळणं नैसर्गिक. सुयांवर तांबूस पट्टे दिसले तर डोथिस्ट्रोमा ही बुरशी. कँडल, म्हणजे वसंतातला मेणबत्तीसारखा उभा कोवळा कोंब, अर्धवट वाढून तपकिरी पडली आणि सुयांच्या बुडाशी काळे ठिपके आले तर डिप्लोडिया, हीसुद्धा बुरशीच. या दोन्हींवर वेळेवर फवारलेलं ताम्रयुक्त बुरशीनाशक चालतं. पण उन्हाळ्याच्या शेवटी अख्खं झाड काही आठवड्यांत तपकिरी पडत असेल आणि सालीला ताजी चीर देऊनही राळ येत नसेल, तर सूत्रकृमीचा, म्हणजे लाकडातल्या सूक्ष्म जंतांचा, संशय घ्यायचा आणि ते लाकूड जागेवरून हलवायचंसुद्धा नाही. या झाडाच्या चिरेतून राळ लगेच आली. सामू ८ च्या आसपास निघाला, कोवळ्या सुयांचा फिकटपणा त्यातला. बाकी दोष उपासमारीचा.

जागेवरचं वर्ष

हिवाळा सरताना बुंध्यापासून ३३ सेंटिमीटरवर समोरासमोर दोन चर खणले, प्रत्येकी पाव घेराचा, ३५ सेंटिमीटर खोल. उरलेला अर्धा घेर तसाच ठेवला, त्यावर झाड त्या हंगामात जगणार होतं. बोटाएवढी आणि त्याहून जाड मुळं करवतीने सपाट कापली. फावड्याने तुटलेलं मूळ चिंबून फाटतं आणि फाटलेल्या टोकाशी नवी मुळं नीट फुटत नाहीत. चरात ६ ते १० मिलिमीटरचा प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी खडा) भरला, त्यात झाडाखालच्याच कुजलेल्या सुयांची दोन-तीन मुठी भर, म्हणजे मुळांसोबत जगणारी पांढरी बुरशी तिथेही पोचावी.

चर खणताना फावडं तारेला लागलं. रोपवाटिकेतून झाड ज्या हुंडीत (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात) आलं होतं ती हुंडी आत शाबूत होती: सुमारे ५० सेंटिमीटर रुंद, करड्या चिकणमातीची, भोवती विणलेलं कृत्रिम कापड आणि बाहेर तारेची जाळी. खरं गोणपाट काही वर्षांत कुजून जातं, हे कापड कुजत नाही. पाच जाड मुळं जाळीच्या भोकांतून बाहेर निसटली होती, बाकीची कापडाच्या आतून गोल फिरत होती. पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ याच हुंडीत आहे.

छाटणी त्या वर्षी शून्य. वेल काढला, आठवड्यातून एकदा खोल पाणी, चढ्या सामूत चालणारं ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह दोनदा, आणि वसंतापासून शरदापर्यंत दर सहा आठवड्यांनी सेंद्रिय खताच्या गोळ्या. भिंतीकडच्या बाजूला ऊन देता येत नव्हतं, तो विषय तिथेच थांबला. शरदात चराचं एक टोक हाताने उकरलं तर प्युमिसमध्ये पांढऱ्या टोकांची नवी मुळं ५ ते ८ सेंटिमीटर आत आलेली होती. शेंड्याचे डोळे भरदार, पांढरे. काढणीला हिरवा कंदील मिळाला तो इथे.

उचल

वेळ निवडली ती डोळे फुगायला लागलेले पण लांबायला सुरुवात न झालेली. दोन दिवस आधी भरपूर पाणी देऊन काढणीच्या दिवशी माती वाफशावर आणली. ओली चिकणमाती स्वतःच्या वजनाने मुळांवरून सुटते, कोरडी ढेकळं होऊन फुटते. दोन्हीत बारीक मुळं जातात. फांद्या सुतळीने वर बांधल्या, खोडाच्या दक्षिणेकडच्या बाजूला खडूची खूण केली.

चराच्या बाहेरून खणत ४० सेंटिमीटर खोल गेल्यावर आतल्या दिशेने तिरकस पोखरायला सुरुवात केली. तारेची जाळी बोल्टकटरने उभी कापली, बाजूचं कापड पट्ट्यापट्ट्यांनी सोडवलं. २८ सेंटिमीटर खोलीवर आडवी करवत चालवून तळाची मुळं कापली आणि तळाचं कापड हुंडी फळीवर कलती केल्यावर काढलं. ते राहिलं तर पेटीत हुंडीखाली पाणी साचवणारी ताटली तयार होते.

भोवतीच्या मातीसकट ६६ सेंटिमीटर रुंद आणि २८ खोल हुंडीचं घनफळ ९५ लिटरच्या घरात जातं. कडा गोल झाल्या तरी ओल्या मातीसकट वजन सव्वाशे ते दीडशे किलो. चार माणसं, जाड ताडपत्री आणि दोन फळ्या लागतातच. खोड धरून कधीच उचलायचं नाही, हुंडीच धरायची. ओलं गोणपाट गुंडाळून वरून प्लॅस्टिकची ताणफिल्म घट्ट लपेटली की वाहतुकीत हुंडी फुटत नाही.

पेटी आतून ७५ बाय ७५, खोली ३२, फळी अडीच सेंटिमीटर जाड. तळाच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी, वर जाळी, खाली ५ सेंटिमीटरचे पाय. हुंडीच्या चारही बाजूंना साडेचार सेंटिमीटरच जागा ठेवली. मोठी पेटी म्हणजे मुळांना जास्त जागा हा समज उलटा आहे: ज्या मिश्रणात मुळं नाहीत ते वाळत नाही, आणि थंड ओलीत कापलेली टोकं कुजतात. मिश्रण चार भाग प्युमिस, एक भाग पाइनची साल, दोन्ही ३ ते ८ मिलिमीटर, भुकटी चाळून टाकलेली. चाळल्यानंतर ७० ते ७५ लिटर लागलं. तळाशी जाड खड्यांचा वेगळा थर दिला नाही. निचऱ्यासाठी तो घालायची सवय अनेकांना असते, प्रत्यक्षात बारीक थरातलं पाणी जाड थराच्या माथ्यावर अडून बसतं आणि ओलीची पातळी मुळांच्या आणखी जवळ येते.

मिश्रण बांबूच्या काडीने कोपऱ्याकोपऱ्यात ठासलं. मग हुंडीवरून दोन आडव्या पट्ट्या पेटीला स्क्रूने कसल्या आणि खोडावर रबरी नळीचे तुकडे ठेवून तीन बाजूंना तारेचे ताण दिले. परीक्षा सोपी: खोड हलवल्यावर अख्खी पेटी हलली पाहिजे. नुसतं खोड हललं तर नवी मुळं वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला तुटणार.

शेंडा छाटला नाही. २.३ मीटरचं झाड वाऱ्यात शिडासारखं काम करतं हे खरं, पण सर्वाधिक सुया वरच होत्या आणि नवी मुळं फुटायला लागणारं अन्न सुयाच करतात. मुळं कापली तेवढी फांदीही कापावी हा पानझडी झाडांचा हिशेब पाइनला लावला की झाड हमखास मागे पडतं. फक्त वाळलेल्या फांद्या खुंट ठेवून काढल्या. पेटी भिंतीच्या आडोशाला, सकाळचं ऊन मिळेल अशी ठेवली आणि चार आठवड्यांनी हळूहळू पूर्ण उन्हात सरकवली.

भर उन्हाळ्यातला पेच

वसंतात कँडल ५ ते ७ सेंटिमीटर वाढल्या. झाड लागलं असं इथेच जाहीर करायचा मोह होतो. पण या कँडल गेल्या वर्षीच डोळ्यात तयार झालेल्या असतात आणि साठवलेल्या अन्नावर लांबतात. मुळं काम करताहेत की नाही हे त्यानंतर सुया किती वाढतात त्यावरून दिसतं. इथे त्या वाढता वाढता निम्म्यावर थांबल्या.

उन्हाळ्याच्या मध्यावर सुयांची चकाकी गेली, रंग राखाडीकडे झुकला, आतल्या जुन्या सुया अवेळी पिवळ्या पडून गळायला लागल्या आणि ४५ सेंटिमीटरवरची फांदी चक्क लोंबली. पाणी रोज, खालून वाहेपर्यंत. पेटीच्या कडेला खुपसलेली काडी दर वेळी ओली निघत होती. ओली पेटी आणि पिवळ्या सुया दिसल्यावर कोणीही पाणी कमी करायचा सल्ला देईल. तो इथे ऐकला असता तर झाड गेलं असतं.

कारण काडी प्युमिसमध्ये होती आणि मुळं हुंडीत. हुंडीत काडी शिरतच नव्हती. शेवटी बुंध्यापासून वीतभर अंतरावर ड्रिलने १५ सेंटिमीटरचं भोक पाडलं, तेव्हा बिटासोबत वर आली ती कोरडी करडी पूड.

याची कार्यपद्धती नीट समजून घेण्यासारखी आहे. बारीक कणांची माती जाड खड्यांपेक्षा पाणी जास्त जोराने ओढते, त्यामुळे प्युमिसमधलं पाणी आपोआप चिकणमातीत जायला हवं. जातंही, पण त्याला वेळ द्यावा लागतो. चिकणमाती तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते आणि चाळलेला प्युमिस मिनिटाभरात निचरून मोकळा होतो. त्यातच चिकणमाती वाळताना आकसते, हुंडी आणि प्युमिस यांच्यात नखभर फट पडते आणि वरून ओतलेलं सगळं पाणी त्या फटीतून तळाला जातं. वाफ्यात ही अडचण नव्हती, कारण तिथे चहूबाजूंनी तशीच घट्ट माती होती आणि ओल हळूहळू सरकत यायची. निचऱ्याचं उत्तम मिश्रण भोवती आलं तेव्हाच आतली हुंडी तहानली.

उपाय दोन टप्प्यांत झाला. आधी हुंडीच्या माथ्यावर १२ मिलिमीटरची, २० सेंटिमीटर खोल भोकं पाडली, १० ते १२ सेंटिमीटर अंतरावर, बुंध्यालगतची जागा सोडून पंचवीसेक. प्रत्येक भोकाआधी ४ मिलिमीटरची पोलादी सळई दाबून पाहायची. स्प्रिंगसारखा उलट धक्का लागला की खाली मूळ आहे, दोन बोटं बाजूला सरकायचं. भोकांत २ ते ४ मिलिमीटरचा प्युमिस भरला. मग हुंडीच्या कडेवर चिकणमातीची ४ सेंटिमीटर उंच वळी थापून आळं केलं. ६० सेंटिमीटर रुंदीच्या अशा आळ्यात ११ लिटर पाणी मावतं. त्यात तासाला २ लिटर सोडणारे चार ठिबक तीन तास चालवले, असं सलग तीन दिवस. माथ्यावर चुरलेल्या स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) बोटभर थर, आणि दुपारच्या उन्हावर पडदा. खत त्या काळात पूर्ण बंद, कारण कोरड्या हुंडीत क्षार तीव्र होऊन मुळांची टोकं जाळतात.

त्यानंतर पेटीत दोन काड्या कायमच्या रोवल्या, एक हुंडीतल्या भोकात, एक प्युमिसमध्ये. पाणी कधी द्यायचं ते हुंडीतली काडी सांगणार. याची दुसरी बाजूही आहे: एकदा भिजलेली चिकणमाती थंडीत आठ-दहा दिवस ओली राहते. म्हणून हवा गार झाल्यावर आळं मोडलं आणि हुंडीतली काडी ओली असेतोवर पाणी फक्त कडेच्या प्युमिसला दिलं. उन्हाळ्याची सवय तशीच पुढे चालवली असती तर तहानेतून वाचलेली मुळं हिवाळ्यात कुजली असती.

सुयांचा रंग परतायला पाच-सहा आठवडे लागले. लोंबलेल्या फांदीच्या दोन डहाळ्या गेल्या, फांदी राहिली. शरदात पेटीच्या तळफटींतून पांढरी टोकं डोकावली आणि मगच खताच्या गोळ्या ठेवल्या.

अर्धी माती

दुसऱ्या वसंतातल्या सुया पूर्ण लांबीच्या झाल्या. झाड लागलं ते आता. तरीही कात्री, फांद्या वळवायची तार काही नाही, नुसतं ऊन, पाणी, खत. मुळं प्युमिसमध्ये जशी पसरली तसा पाण्याचा हिशेबही दोन्ही काड्यांवर आला.

तिसऱ्या वसंताच्या तोंडावर हुंडीची अर्धी माती काढली, अर्धीच. पाइनची सगळी मुळं एका वेळी धुऊन उघडी केली तर बारीक मुळं आणि त्यांच्यावरची बुरशी एकदमच जातात, झाडाकडे पाणी ओढायला काही उरत नाही. सुरुवात कमजोर मुळांच्या बाजूने केली, म्हणजे त्या वर्षाचा भार दणकट अर्ध्यावर. पेटीची एक फळी उघडून बांबूची काडी, मुळांचा आकडा आणि मंद धारेचं पाणी यांनी बाहेरून आत, बुंध्याच्या बरोबर मध्यरेषेपर्यंत चिकणमाती सोडवली. बाहेरच्या प्युमिसमधली नवी मुळं ओल्या गोणपाटात बाजूला धरून ठेवली. गोल फिरणारी दोन जाड मुळं, त्यांच्यावर जिथे बारीक मुळांचा झुपका होता त्याच्या लगेच पुढे कापली. कापडाचा एक विसरलेला तुकडा इथे सापडला, त्याने एका मुळाला करकोचा पाडला होता. पोकळी त्याच मिश्रणाने ठासून भरली, ताण पुन्हा कसले, आणि चार आठवडे आडोसा. उरलेल्या अर्ध्या हुंडीची काडी जागेवरच ठेवली.

ज्या वर्षी मुळांना हात लागला त्या वर्षी कँडल कापायच्या नाहीत. ब्लॅक पाइन उन्हाळ्याच्या सुरुवातीला कँडल कापल्यावर त्याच हंगामात दुसरी फूट देतो, हे त्याचं मोठं वैशिष्ट्य. पण ती फूट साठ्यावर येते, आणि साठा नसलेल्या झाडात ती आलीच तर मरतुकडी येते. स्कॉट्स किंवा म्यूगो पाइन असता तर हा प्रश्नच नव्हता, ते वर्षाला एकदाच फुटतात आणि त्यांच्यावर हे तंत्र वापरायचंच नसतं.

त्या शरदात पहिली तार पडली, तीही ३० आणि ४५ सेंटिमीटरवरच्या दोनच फांद्यांवर. भिंतीकडच्या उघड्या फांद्यांवर मागे डोळे फुटायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. त्यांना ओल्या राफियाने (ताडाच्या पानांच्या धाग्याने) गच्च गुंडाळून, तापवून मऊ केलेली तांब्याची तार चढवली आणि नागमोडी वळणं देत टोकाचा हिरवा झुपका खोडाकडे ओढून आणला. वळवताना कटकट असा आवाज आला की तिथेच थांबून ताणाची तार बांधायची, उरलेलं वळण पुढच्या हंगामात. जुन्या सुया उपटायचं काम फक्त शेंड्यात केलं, खालच्या फांद्यांवरची एकही सुई काढली नाही, कारण वरचा जोर कमी करून खाली वळवायचा होता.

शेंडा अजून उतरवलेला नाही. हुंडीचा दुसरा अर्धा आणखी दोन वसंत गेल्यावर निघेल. शेंडा उतरवायचा तो त्यानंतरच्या शरदात, दोन टप्प्यांत आणि खुंट ठेवून. तोवर बुंध्यावरच्या दोराच्या चरातली साल दर वर्षाअखेर पाहायची आहे: कडा फुगून एकमेकींकडे सरकत असतील तर ठीक, एका बाजूची साल कोरडी पडून उचलू लागली तर त्या रेषेवरची फांदी कमजोर होण्याआधीच झाडाची पुढची, म्हणजे दर्शनी बाजू बदलावी लागेल.